गुण्या, सुतळी आणि वेबपान : कारागिराला कोनाचा हिशेब का यावा?

अचलपूर आणि परतवाडा या आपल्या जुळ्या शहरांत लाकडावर पोट असणारी घरे पुष्कळ आहेत. मेळघाटचे जंगल हाताशी असल्याने सागवानाचा व्यापार येथे रुजला आणि त्याच्या आधाराने सुतार, रंधेवाले, पॉलिशवाले असे कारागीर वसले. आता या दुकानांतली पुढची पिढी मोबाईल हातात घेऊन बसली आहे. गिऱ्हाईक नागपूरचे असो की पुण्याचे, त्याला घरबसल्या टेबलाचा आकार निवडता यावा, माप टाकता यावे, चित्र दिसावे आणि भाव कळावा, असे वेबपान आपल्या दुकानाचे असावे, असे पुष्कळांना वाटते. वाटणे योग्यच आहे. मात्र असे पान करताना एक जागा अशी येते की तेथे दहावीच्या वर्गात सोडून दिलेली त्रिकोणमिती पुन्हा दारात उभी राहते. साइन, कोसाइन आणि टॅन्जंट यांच्याशिवाय गोल, अष्टकोन, तिरपी फळी यांचा हिशेब पानाला करता येत नाही.

या लेखात आम्ही तोच हिशेब सोप्या रीतीने मांडणार आहोत. आणि सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहोत, कारण या विषयातली चूक कागदावर राहत नाही, ती लाकडावर उतरते.

आमची चूक

एका ओळखीच्या फर्निचर दुकानासाठी आम्ही अष्टकोनी टेबलाचे पान तयार करीत होतो. टेबलाची लांबी-रुंदी ४ फूट, म्हणजे ४८ इंच. मध्यापासून कोपरा २४ इंचांवर. पानाने प्रत्येक कोपऱ्याची दोन मापे द्यायची होती : मध्यापासून उजवीकडे किती आणि खाली किती. ती दोन मापे घेऊन मिस्त्रीने फळीवर खुणा करायच्या, असा बेत होता.

पानाने पहिल्या तिरप्या कोपऱ्यासाठी मापे दिली : एकीकडे १२ इंच ५ सूत, दुसरीकडे २० इंच ३ सूत. आम्ही ती कागदावर उतरवून दुकानात नेली. तेथले वयोवृद्ध मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, यांनी कागद पाहिला आणि पेन्सिल कानावर परत ठेवली.

"भाऊ, अष्टकोनाचा हा कोपरा बरोबर मधातून जाते. दोन्हीकडची मापं सारखी याले पाह्यजेत. तुमचं यंत्र मले एक बारा अन् एक वीस सांगते. हे कापलं तं फळी वाया जाईन."

चाचांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. अष्टकोनाचा दुसरा कोपरा पहिल्यापासून ४५ अंशांवर असतो, म्हणजे गुण्याच्या कोनाच्या बरोबर निम्म्यावर. तेथे उजवीकडचे माप आणि खालचे माप एकच असले पाहिजे. चाचांनी साइनचे नाव ऐकलेले नव्हते, पण साइनने काय उत्तर द्यायला हवे ते त्यांना ठाऊक होते. आमच्याजवळ साइन होते, पण उत्तर चुकले होते. असे का झाले, ते समजण्यासाठी थोडे मुळाशी जाऊ.

साइन आणि कोसाइन म्हणजे काय?

परकाराचे टोक फळीच्या मध्यावर रोवा आणि पेन्सिल २४ इंचांवर धरा. पेन्सिल सरळ उजवीकडे असेल तर तो कोन शून्य अंश. आता पेन्सिल हळूहळू फिरवा. फिरताना ती मध्यापासून उजवीकडे किती दूर आहे आणि उभ्या दिशेने किती दूर आहे, ही दोन अंतरे बदलत जातात. उजवीकडचे अंतर भागिले परकाराची लांबी, याला कोसाइन म्हणतात. उभे अंतर भागिले परकाराची लांबी, याला साइन म्हणतात. यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

काही मूल्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. शून्य अंशाला साइन ०, ३० अंशाला ०.५, ४५ अंशाला ०.७०७१, ६० अंशाला ०.८६६० आणि ९० अंशाला १. कोसाइनची हीच यादी उलट्या क्रमाने येते. ४५ अंशाला दोन्ही सारखे, हेच चाचा सांगत होते. म्हणून आपल्या टेबलाच्या त्या कोपऱ्याची दोन्ही मापे २४ × ०.७०७१ म्हणजे १६.९७ इंच, म्हणजे जवळजवळ १७ इंच यायला हवी होती.

या शब्दाची कुळकथाही सांगण्यासारखी आहे. इ.स. ४९९ च्या सुमाराला आर्यभटांनी अर्ध्या जीवेच्या लांबीचे कोष्टक दिले. तिला ते ज्या म्हणत. धनुष्याच्या दोरीवरून हा शब्द आला. ही विद्या अरबीत गेली तेव्हा जीवा या शब्दाचे जीब झाले. अरबी लिखाणात स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून पुढे ते जैब असे वाचले गेले. जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा पदर. आपण ज्याला जेब म्हणतो, म्हणजे खिसा, तो याच शब्दाचा भाऊ. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांचे लॅटिन भाषांतर झाले, तेव्हा जैबसाठी घडी याच अर्थाचा सायनस हा शब्द योजला गेला आणि त्याचे साइन झाले. तेव्हा ही विद्या परक्याची आहे असे समजून कोणी बिचकू नये.

बगदादमध्ये अबुल वफा अल-बुझजानी (इ.स. ९४० ते ९९८) यांनी साइनची अतिशय बारीक कोष्टके तयार केली. त्यांनीच कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर वेगळा ग्रंथ लिहिला. त्यात कारागीर आणि गणिती यांच्या एकत्र बैठकीची हकीकत येते. गणिती सिद्धता देण्यात पक्के, पण हाताने करायला कच्चे. कारागिराचा हात पक्का, पण डोळ्याला बरोबर दिसलेली रीत नेहमी खरी असतेच असे नाही. दोघांनी एकमेकांची उत्तरे तपासावीत, हा धडा त्यातून निघतो. हजार वर्षांनी आमच्या बाबतीत तेच घडले.

संगणक अंश जाणत नाही

आता आमच्या चुकीकडे येऊ. वेबपानाला हिशेब शिकवण्याची भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ती १९९५ मध्ये तयार झाली आणि आज प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. तिच्यात मॅथ नावाची पेटी आहे. त्या पेटीत साइन, कोसाइन, टॅन्जंट सगळे तयार मिळते. पण ही पेटी कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये घेते.

रेडियन म्हणजे काय? परकाराची जेवढी लांबी, तेवढीच सुतळी वर्तुळाच्या कडेवर पसरली की मध्याशी जो कोन होतो तो एक रेडियन. तो सुमारे ५७.३ अंशांचा असतो. पूर्ण फेरी ३६० अंशांची म्हणजे ६.२८३२ रेडियनची. ही संख्या पायची, म्हणजे ३.१४१६ ची, दुप्पट आहे. म्हणून नियम असा :

रेडियन = अंश × पाय ÷ १८०

आम्ही पेटीला सरळ ४५ दिले. तिने ते ४५ अंश न समजता ४५ रेडियन समजले. ४५ रेडियन म्हणजे वर्तुळाच्या सात फेऱ्या पूर्ण करून वर ५८.३ अंश. त्या जागी कोसाइन ०.५२५३ आणि साइन ०.८५०९ निघाले. म्हणून एकीकडे १२ इंच आणि दुसरीकडे २० इंच.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. संगणकाने कुठेही तक्रार केली नाही. लाल अक्षरे दाखवली नाहीत. ०.८५ ही संख्या ०.७१ च्या जवळपासचीच, दिसायला सभ्य. असली चूक फार घातक असते. उत्तर हजारांत आले असते तर आम्हीही थबकलो असतो. चित्र काढून पाहिले असते तरी कळले असते, कारण प्रत्येक पाऊल ४५ ऐवजी ५८.३ अंशांचे पडल्याने आठ कोपऱ्यांचा आकार वाकडातिकडा षट्कोन दिसतो आणि शेवटची रेघ आधीच्या रेघेला ओलांडून जाते. आम्ही चित्राआधी मापे छापली, हा आमचा दुसरा दोष.

उपाय सोपा आहे. पानाच्या सुरुवातीलाच अंशाचे रेडियन करून देणारी एक ओळ लिहून ठेवावी आणि प्रत्येक कोन त्या ओळीतूनच न्यावा. मग काम करताना आपण अंशांतच विचार करायचा. आणि पान गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी ३०, ४५ आणि ९० या तीन कोनांची उत्तरे वरच्या यादीशी ताडून पाहायची. ९० अंशांच्या कोसाइनचे उत्तर शून्य न येता दशांशचिन्हापुढे सोळा शून्ये आणि मग ६१२ असे काही दिसेल. त्याने घाबरू नये. पायचे सगळे अंक संगणकात मावत नाहीत, त्याचा तो अवशेष आहे. अशी संख्या शून्याशी बरोबर आहे का असे पानाला विचारू नये. गोळाबेरीज करूनच वापरावी.

चित्र काढण्याची रीत

पडद्यावर आकार काढण्यासाठी एसव्हीजी नावाची सोय ब्राउझरमध्ये आहे. तिला कोपऱ्यांच्या जागा दिल्या की ती बहुकोन काढून देते. जागा मोजण्याची रीत मात्र शाळेच्या आलेखाहून वेगळी आहे. शाळेत उभा अंक वर जाताना वाढतो. पडद्यावर डावा-वरचा कोपरा म्हणजे शून्य आणि उभा अंक खाली जाताना वाढतो. त्यामुळे शाळेच्या आलेखात कोन घड्याळाच्या उलट फिरतो, तोच पडद्यावर घड्याळाप्रमाणे फिरताना दिसतो. अष्टकोन सारखाच असल्याने फरक दिसत नाही, पण एका बाजूला खण असलेले टेबल काढले तर खण उलट्या बाजूला जातो. तेव्हा हे आधीच ध्यानात ठेवावे.

पायऱ्या अशा :

१. एक इंच म्हणजे पडद्यावरचे १० ठिपके असे प्रमाण धरावे. मध्य ३००, ३०० वर घ्यावा. त्रिज्या २४ इंच म्हणजे २४० ठिपके.

२. ३६० ला कोपऱ्यांच्या संख्येने भागावे. आठ कोपरे, म्हणून पाऊल ४५ अंशांचे.

३. शून्यापासून सातपर्यंत मोजत प्रत्येक वेळी कोन काढावा आणि तो रेडियनमध्ये न्यावा.

४. आडवी जागा = ३०० + २४० × कोसाइन. उभी जागा = ३०० + २४० × साइन.

असे केले की पहिला कोपरा ५४०, ३०० वर येतो. दुसरा ४६९.७, ४६९.७ वर. तिसरा ३००, ५४० वर. पुढचे कोपरे याच क्रमाने फिरून येतात. हा अष्टकोन टोकावर उभा दिसेल. बसणाऱ्यासमोर सपाट बाजू हवी असेल तर प्रत्येक कोनात २२.५ अंश मिळवावेत. मग पहिला कोपरा ५२१.७, ३९१.८ वर येईल. आठच्या जागी सहा घातले की षट्कोन, बारा घातले की घड्याळाचे आकडे. एकच रीत, नुसता आकडा बदलायचा.

अष्टकोन हा आपल्या मुलखाला नवा नाही. अचलपूरजवळचा हौज कटोरा पाहा : हौदाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा. तो बांधणाऱ्यांजवळ पडदा नव्हता, पण आठही बाजू सारख्या पाडण्याची विद्या होती. ती विद्या चाचांच्या सुतळीत अजून शिल्लक आहे. पुढे तिचाच उपयोग झाला.

चार फूट म्हणजे कोणते चार फूट?

रेडियनची चूक दुरुस्त करून आम्ही पुन्हा दुकानात गेलो. या वेळी पान म्हणत होते की टेबलाची प्रत्येक बाजू १८ इंच ३ सूत. हिशेब असा की बाजू = २ × २४ × २२.५ अंशांची साइन, म्हणजे ४८ × ०.३८२७ = १८.३७ इंच. या खेपेला आमची खात्री होती.

चाचांनी काही न बोलता ४८ इंचांची चौकोनी फळी समोर घेतली. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, ती निम्म्यावर दुमडली आणि तेवढे अंतर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर खुणावले. ही आठ खुणांची जुनी रीत आहे. शेजारच्या खुणा जोडल्या की चार कोपरे उडतात आणि अष्टकोन राहतो. त्यांनी टेप लावला : वीस इंचांना एक सूत कमी. म्हणजे १९ इंच ७ सूत.

आमचे १८ इंच ३ सूत, त्यांचे १९ इंच ७ सूत. फरक दीड इंचाचा. आता चूक कोणाची?

चूक कोणाचीच नव्हती. आम्ही ४ फूट हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरले होते. चाचांनी ते एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत धरले, कारण त्यांच्या हातात चौकोनी फळी येते. त्यांच्या रीतीप्रमाणे बाजू = ४८ × २२.५ अंशांचा टॅन्जंट. टॅन्जंट म्हणजे साइन भागिले कोसाइन. ४८ × ०.४१४२ = १९.८८ इंच. पानाला हे सूत्र दिले तेव्हा त्याने नेमके १९ इंच ७ सूत सांगितले. सुतळी आणि संगणक एका मापावर आले, आणि चाचा पहिल्यांदा हसले.

धंद्याच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कोपऱ्यापासून कोपरा ४८ इंच असेल तर टेबलाचे क्षेत्र ११.३१ चौरस फूट भरते. बाजूपासून बाजू ४८ इंच असेल तर १३.२५ चौरस फूट. एका टेबलात जवळजवळ दोन चौरस फुटांचा फरक. दहा टेबलांची ऑर्डर असेल तर १९ चौरस फूट. पानाने एका अर्थाने भाव सांगितला आणि मिस्त्रीने दुसऱ्या अर्थाने टेबल केले, तर हा फरक दुकानदाराच्या जेबेतून जातो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या. दोन्ही वाईट. माप आणि मोल स्पष्ट असावे, हा व्यापाराचा पहिला नियम. म्हणून पानावर नुसते "माप" असा रकाना न ठेवता "कोपरा ते कोपरा" की "बाजू ते बाजू" हे गिऱ्हाइकाला निवडू द्यावे आणि शेजारच्या चित्रात त्याच जागी बाण दाखवावा.

आणखी एक खबरदारी. अष्टकोन चौकोनी फळीतून कापला की चार त्रिकोणी तुकडे उरतात. ४८ इंचांच्या फळीचे १६ चौरस फूट, त्यातून टेबल १३.२५ चौरस फुटांचे, म्हणजे २.७५ चौरस फूट लाकूड तुकड्यांत जाते. शेकडा १७ हून थोडे जास्त. पानाने नुसत्या अष्टकोनाच्या क्षेत्रावर भाव लावला तर हे लाकूड दुकानाला फुकट पडते. हिशेब चौकोनाचा धरायचा की तुकडे दुसऱ्या कामाला लावून काही सूट द्यायची, हे मालकाने ठरवावे. पान ठरवणार नाही.

इंच-सुताची गोळाबेरीज

पान १९.८८ इंच असे सांगते, पण टेपवर मिस्त्री सूत मोजतो. आठ सुतांचा एक इंच. दशांशातले माप कारखान्यात पाठवू नये. कोणी पूर्णांक वेगळा काढून उरलेल्या अपूर्णांकाला आठने गुणतात. त्यात एक खोच आहे. १६.९७ इंचांचे १६ इंच आणि ७.७६ सूत होतात, ७.७६ चे गोळाबेरजेने ८ होतात आणि पान १६ इंच ८ सूत असे हास्यास्पद माप दाखवते. त्याऐवजी आधी सगळे माप आठने गुणून सुतांत न्यावे, मग गोळाबेरीज करावी, आणि शेवटी आठने भागून इंच व उरलेले सूत लिहावेत. मग १६.९७ चे बरोबर १७ इंच होतात. करवतीच्या पात्याची जाडी प्रत्येक कापाला वेगळी धरावी. ती त्रिकोणमितीत येत नाही.

टेबलाला कडेची पट्टी लावायची असेल तर जोडाचा कोनही पानाने सांगावा. अष्टकोनाचा आतला कोन १३५ अंशांचा. दोन पट्ट्या मिळून तो होतो, म्हणून करवत सरळ कापापासून २२.५ अंश तिरपी ठेवावी. षट्कोनाला हाच आकडा ३० अंश. सूत्र एकच : १८० भागिले बाजूंची संख्या.

नुसती सजावट करायची असेल, म्हणजे दुकानाच्या चिन्हाभोवती मालाची चित्रे गोलात मांडायची असतील, तर आता जावास्क्रिप्टचीही गरज उरलेली नाही. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतच साइन, कोसाइन, टॅन्जंट आले आहेत आणि मार्च २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझर ते समजतात. तेथे अंकापुढे अंशाचे एकक लिहिण्याची सोय आहे. एकक लिहिले तर ४५ म्हणजे ४५ अंशच. विसरलात तर तेथेही तो आकडा रेडियन समजला जातो. सापळा तोच आहे, जागा बदलली एवढेच.

सपाट फळी आणि गोल जमीन

टेबल तयार झाले की पोहोचवायचे असते. गिऱ्हाइकाने परवानगी दिली तर ब्राउझर त्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगतो आणि त्यावरून अंतर काढता येते. येथेही साइन-कोसाइन लागतात, कारण अंतर गोलावरचे असते. अचलपूर ते अमरावती हे सरळ रेषेतले अंतर अशा हिशेबाने सुमारे ४४ किलोमीटर येते. पण टेम्पो पाखरासारखा सरळ जात नाही, रस्त्याने त्याहून जास्त चालतो. म्हणून या आकड्यावर भाडे सांगू नये. गिऱ्हाईक आपल्या टप्प्यात आहे की नाही, एवढे ठरवायला तो पुरे.

गोलाचा हिशेब आणि सपाटीचा हिशेब यांत किती फरक पडतो, याचा एक दाखला आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. अचलपूर सुमारे २१.२६ उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का २१.४२ वर. दोन्ही जवळजवळ एकाच आडव्या रेषेत. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर किब्ला बरोबर पश्चिमेला, पाव अंशाच्या फरकाने, असे वाटेल. पण गोलावरचा जवळचा मार्ग आधी थोडा उत्तरेकडे झुकतो. त्रिकोणमितीने हिशेब केला तर अचलपूरहून ही दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे ७ अंश येते. अल-बिरूनी (इ.स. ९७३ ते १०४८) यांनी गझनीच्या किब्ल्याची दिशा याच विद्येने काढून दाखवली होती. नमाजाच्या दृष्टीने किती फरक चालतो ही बाब आलिमांची; आम्ही येथे फक्त गणित सांगत आहोत. किब्ल्याचे होकायंत्र विकणाऱ्या किंवा तसे पान करणाऱ्या बांधवांनी मात्र सपाट हिशेब वापरू नये.

दोन अंतरांवरून दिशा काढताना जावास्क्रिप्टच्या त्याच पेटीतले एटॅन-टू हे साधन वापरावे. साधा उलटा टॅन्जंट फक्त भागाकार पाहतो. त्यामुळे ईशान्य आणि नैर्ऋत्य त्याला सारखेच दिसतात. एटॅन-टू दोन्ही अंक वेगवेगळे घेते आणि चारही दिशा ओळखते. त्याचे उत्तरही रेडियनमध्येच येते. ते १८० ने गुणून पायने भागले की अंश मिळतात.

शेवटी

या सगळ्यातून आम्ही जे शिकलो ते असे. पान करणाऱ्याने पहिले उत्तर मिस्त्रीला दाखवावे. मिस्त्रीने ते आपल्या सुतळीने तपासावे. दोन्ही जुळले तर पुठ्ठ्यावर एक नमुना कापावा आणि मगच सागवानाला करवत लावावी. पुठ्ठा दहा वेळा बदलता येतो, सागवान एकदाच कापले जाते.

महाराष्ट्राच्या दहावीच्या गणितात त्रिकोणमितीचा धडा आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी तो शिकत असेल तर त्याला संध्याकाळी तासभर कारखान्यात बसवावे. आपला गुण्या त्याच्यासमोर ठेवावा आणि विचारावे, बेटा, हे पुस्तकात कुठे आहे? त्याला धड्याचा उपयोग दिसेल आणि आपल्याला आपल्याच हुनराचे दुसरे नाव कळेल. पान करून घ्यायला बाहेरच्या माणसाला पैसे द्यावे लागले तरी हरकत नाही, पण त्याचे उत्तर तपासण्याची विद्या घरात असली पाहिजे. नाहीतर यंत्र बारा आणि वीस सांगत राहील, आणि अडवायला कोणी चाचा नसेल.